वळवात लाईट गेली तर तक्रार कशी करायची: नुसतं "लाईट नाही" नको, फॉल्ट कुठंय ते सांगा

एप्रिल-मे लागला की आपल्याकडं, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूर पट्ट्यात, दुपारी तीननंतर ढग भरून यायला लागतात आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधीच लाईट जाते. मग गावच्या ग्रुपवर "लाईट गेली का", "तुमच्याकडं हाय का", "कधी येणार" असे पन्नास मेसेज पडतात आणि वायरमनचा फोन बिझी लागतो, कारण सगळं गाव एकाच वेळी त्यालाच फोन लावतंय. एवढ्या फोनांत फॉल्ट कुठं झालाय हे मात्र कुणीच सांगत नाही. अकरा केव्हीचा एक फीडर, म्हणजे सबस्टेशनवरनं गावांकडं येणारी मुख्य लाईन, कित्येक किलोमीटर शेतातनं, ओढ्यातनं, डोंगराच्या कडंनं फिरलेला असतो आणि तुटलेली तार किंवा फुटलेला इन्सुलेटर शोधायला दोन-चार माणसं बॅटरी घेऊन चिखलातनं ती लाईन चालत बघतात. दुरुस्ती पुष्कळदा अर्ध्या तासाची असते, शोधण्यातच रात्र जाते. म्हणून हे सगळं लिहितोय, तुमच्या एका नीट तक्रारीनं ही पायपीट खरंच वाचते.

आधी जीव, मग तक्रार

तार खाली पडलेली दिसली तर ती जिवंतच आहे असं धरून चालायचं, गावात लाईट नसली तरी. फॉल्ट झाला की सबस्टेशनला ब्रेकर (लाईन आपोआप तोडणारा स्विच) पडतो, आणि पुष्कळदा ऑपरेटर फीडर एकदा चालू करून बघतो, कारण नुसती फांदी लागून फीडर पडला असेल तर तो लगेच टिकतो. त्यामुळं आता मेलेली वाटणारी तार दोन मिनिटांनी परत जिवंत होऊ शकते. शिवाय तार कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडली तर जमिनीत जाणारा करंट कमी असतो आणि ब्रेकर पडतच नाही, तार तशीच चार्ज राहते. वरनं कुणाच्या घरचा जनरेटर चेंजओव्हर (लाईट आणि जनरेटर वेगळं ठेवणारा स्विच) न लावता थेट जोडलेला असेल तर तिकडनंही करंट उलटा येऊ शकतो.

किमान दहा मीटर लांब राहा, ओल्या जमिनीवर त्याहून जास्त. एकानं फोन करायचा, दुसऱ्यानं लांब उभं राहून पोरं, गाड्या आणि जनावरं अडवायची. म्हैस पडली म्हणून सोडवायला धावायचं नाही. ओल्या जमिनीत करंट पसरलेला असतो, जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायात अंतर जास्त म्हणून त्याला तो आधी धरतो, पाठोपाठ सोडवायला गेलेल्या माणसाला. तार गाडीवर पडली असेल तर आतच बसून राहायचं, गाडी पेटली तरच पाय जोडून बाहेर उडी मारायची, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लागता कामा नये.

आणि डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, बांबूनं फ्यूज टाकणं, एबी स्विच (लाईन तोडायचा पोलवरचा स्विच) स्वतः ओढणं, हे आपल्या गावात "येतंय की मला" म्हणत करणारे चार-पाच जण असतातच, त्यांना हात जोडून सांगा. वायरमन सबस्टेशनवरनं परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी) घेऊन पुढं कुठंतरी पोलवर चढलेला असतो. इकडं कुणी स्विच मारला तर तिकडं त्याचं घर बसतं. यावर मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

नेमकं काय गेलंय ते ओळखा

आधी घरातला मेन आणि एमसीबी बघा. ओल्या भिंतीमुळं किंवा बाहेरच्या बल्बमध्ये पाणी गेल्यामुळं इएलसीबी (करंट गळाला की पडणारा घरातला स्विच) पडतो आणि आपण गावभर फोन करत बसतो. मीटरचा डिस्प्ले चालू असेल आणि घरात अंधार असेल तर दोष बहुतेक आपल्याच वायरिंगचा. मीटरच बंद असेल पण शेजारी लाईट असेल तर पोलवरनं आपल्याकडं येणारी सर्व्हिस वायर सुटली असेल, नाहीतर शेजारी दुसऱ्या फेजवर असेल. गल्लीत एका घरात आहे, एका घरात नाही, परत एका घरात आहे असं दिसलं की डीपीवरचा एका फेजचा फ्यूज उडालाय असं समजा. अख्खी आळी गेली पण गावाचा दुसरा भाग चालू, म्हणजे तुमच्या डीपीचा विषय, बऱ्याचदा वरचा डीओ (अकरा केव्हीच्या बाजूचा फ्यूज) पडलेला असतो आणि तो खाली लोंबताना लांबूनही दिसतो. पूर्ण गाव आणि पलीकडची वाडीपण गेली तर अकरा केव्ही फीडर. गच्चीवर जाऊन चारी बाजूला बघा (विजा थांबल्यावरच), तालुक्याचं गावसुद्धा अंधारात असेल तर सबस्टेशनला येणारी तेहतीस केव्हीची लाईन गेली असेल, नाहीतर त्याच्याही वर महापारेषणकडं, म्हणजे मोठ्या लाईनी सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीकडं, काहीतरी झालंय, तिथं तुमच्या वायरमनच्या हातात काहीच नसतं.

एक प्रकार मात्र वेगळा आणि धोक्याचा आहे. लाईट गेलेली नाही, पण काही घरात बल्ब भगभगीत पेटलेत आणि काही घरात मंद झालेत, फॅन वेड्यासारखा फिरतोय, असं असेल तर न्यूट्रल तुटलाय. अशा वेळी 230 च्या जागी चारशे व्होल्टच्या जवळपास येऊ शकतं आणि टीव्ही, फ्रिज, मोटार काही मिनिटांत जळतं. लगेच मेन बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, आणि तक्रारीत "न्यूट्रल तुटलाय, व्होल्टेज जास्त येतंय" हेच शब्द वापरा. "लाईट कमीजास्त होतेय" म्हटलं तर समोरच्याला ते तातडीचं आहे हे कळत नाही.

विहिरीवरची मोटार बंद आहे म्हणून तक्रार करताना शेतीच्या फीडरचं वेळापत्रक आधी बघा, थ्री फेज पाळीनं ठराविक तासच असते. गावठाणचा फीडर वेगळा असेल तर घरात लाईट आणि मळ्यात नाही हा फॉल्ट नसतो. नियोजित शटडाऊनचा मेसेजपण मोबाईल नोंदवलेला असेल तर आधी येतो.

वादळाआधी एका कागदावर लिहून ठेवायच्या गोष्टी

बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि चार अंकी बीयू, म्हणजे बिलिंग युनिट. डीपीच्या स्ट्रक्चरवर डीटीसीचा, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरचा, नंबर रंगवलेला असतो, तो दिवसा लांबनं फोटो काढून घ्या. तुमच्या फीडरचं नाव आणि सबस्टेशनचं नाव वायरमनला एकदा शांतपणे विचारा, तो आनंदानं सांगतो. शाखा कार्यालय कुठलं, तिथले साहेब कोण, तेपण विचारून ठेवा. हे सगळं कागदावर लिहून मीटरच्या बोर्डाशेजारी चिकटवा, कारण अंधारात बिल सापडत नाही आणि घरात एकटी आजी असेल तर तिलाही वाचून सांगता आलं पाहिजे.

मग मोबाईल नंबर महावितरणकडं नोंदवा. इंग्रजी कॅपिटलमध्ये एमआरईजी ही चार अक्षरं, एक स्पेस, मग बारा अंकी ग्राहक क्रमांक, आणि हा एसएमएस 9930399303 वर पाठवायचा. एवढं केलं की पुढची दोन कामं सोपी होतात: लाईट गेली की नोंदवलेल्या नंबरवरनं 022-50897100 ला नुसता मिस्ड कॉल दिला तरी तक्रार नोंदते, किंवा नोपॉवर हा शब्द इंग्रजीत जोडून लिहायचा, स्पेस देऊन ग्राहक क्रमांक टाकायचा आणि त्याच 9930399303 वर पाठवायचा. भाड्यानं राहत असाल आणि कनेक्शन मालकाच्या नावावर असेल तर त्यांना विचारून तुमचा नंबर टाकून घ्या, लाईट तर तुमची जाते ना.

तक्रार: कुठल्या मार्गानं आणि काय बोलायचं

टोल फ्री नंबर 1912, 19120, 1800-212-3435 आणि 1800-233-3435. चोवीस तास चालू असतात. वादळाच्या पहिल्या तासात लाईन लागत नाही असं होतं, तेव्हा आधी मिस्ड कॉल नाहीतर एसएमएस, मग मोबाईल ॲप, आणि फोन नंतर. एसएमएस आधी म्हणतोय याला कारण आहे, गावातल्या टॉवरची बॅटरी काही तासांनी उतरते आणि रेंज अर्धी झाली तरी एसएमएस कसाबसा जातो, ॲप मात्र फिरत बसतं. मुंबईत असाल तर बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण यातलं तुमचं बिल कुणाचं आहे ते बघून त्यांचा नंबर, आणि गोव्यात वीज खात्याचा 1912.

मिस्ड कॉलनं "या ग्राहकाकडं लाईट नाही" एवढंच पोचतं. फक्त तुमच्या घराचं असेल तर तेवढं पुरतं. पण तुम्हाला फॉल्ट दिसलाय, आवाज आलाय, ठिणगी दिसलीय, तर बोलणं गरजेचं आहे. आणि तिथं असं बोलायचं:

"ग्राहक क्रमांक अमुक, गाव अमुक, फीडर अमुक. पाच वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली, जाताना मारुती मंदिरामागच्या डीपीकडं मोठा आवाज झाला. त्या डीपीपासून ओढ्याकडं जाताना तिसऱ्या पोलजवळ बाभळीची फांदी तारांवर पडलीय, एक तार तुटून बांधावर आलीय. रस्ता चालू आहे, गाडी पोलपर्यंत येते. आमचा माणूस लांब उभा आहे."

यात वेळ आली, जागा आली, काय दिसलं ते आलं, धोका आला आणि गाडी कुठपर्यंत येते तेपण आलं. वेळ मी मुद्दाम पहिली सांगतो, कारण सबस्टेशनच्या लॉगमध्ये फीडर किती वाजता पडला ते लिहिलेलं असतं, तुमची वेळ त्याच्याशी जुळली की तुम्ही बघितलेला फॉल्ट हाच मुख्य फॉल्ट आहे का, हे इंजिनिअरला लगेच कळतं. "ट्रान्सफॉर्मर उडाला" असं बघितल्याशिवाय म्हणू नका. डीओ उडाला तरी बॉम्बसारखा आवाज होतो, आणि ट्रान्सफॉर्मर गेलाय समजून दुसऱ्याची जुळवाजुळव सुरू झाली तर फुकट वेळ जातो. जे दिसलं तेच सांगा: आवाज, निळा-हिरवा उजेड, धूर, तेल गळतंय, तार लोंबतेय, पोल वाकलाय.

जागा सांगताना नुसतं "आमच्या शेताजवळ" चालत नाही, बाहेरगावच्या ऑपरेटरला तुमचं शेत कसं माहीत असणार. डीटीसी नंबर, पोलवर नंबर असेल तर तो, जवळची शाळा-देऊळ-टाकी, आणि मोबाईलवरचं लोकेशन. फोटो काढा पण झूम करून, लांबनं. बऱ्याच मंडल कार्यालयांनी धोकादायक तारा, उघड्या डीपी पेट्या, वाकलेले पोल यांचे फोटो पाठवायला व्हॉट्सॲप नंबर दिलेले आहेत, तुमच्या मंडलाचा नंबर शाखा कार्यालयात मिळेल. कॉल झाला की तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा.

तार रस्त्यावर पडलीय, आग लागलीय, कुणाला शॉक बसलाय, असं असेल तर वीज कंपनीसोबत 112 ला पण फोन. झाड पडून रस्ता बंद, घराचे पत्रे उडाले तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077, आणि नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगा, पत्रे आवरायच्या आधी फोटो काढून.

ग्रुपवर काय टाकायचं

गावच्या ग्रुपवर एकच मेसेज पिन करा: लाईट कधी गेली, कुठला भाग, फॉल्ट कुठं दिसलाय, तक्रार क्रमांक, शेवटची माहिती किती वाजताची. बाकीच्यांनी त्याखाली फक्त नवीन माहिती टाकायची, म्हणजे "वरच्या आळीत एक फेज आली" असं. वायरमनशी बोलायला प्रत्येक वाडीचा एकच माणूस ठरवा. पोलवर चढलेल्या माणसाचा फोन खिशात वाजत राहणं ही त्याच्यासाठी चेष्टा नाही. आणि मागच्या वर्षीचे, दुसऱ्या जिल्ह्यातले पोल पडल्याचे फोटो फॉरवर्ड करू नका, त्यानं माणसं चुकीच्या जागी पळतात.

वादळाचीपण नोंद द्या

लाईट का गेली हे समजायला वादळ कसं होतं ते समजायला लागतं. ढगातनं थंड हवा जोरात खाली येऊन जमिनीवर पसरते, ती पावसाच्या पुढं पळते, म्हणून आधी धुळीचा लोट, मग लाईट जाते, मग पाऊस. तारा हेलकावे घेत एकमेकींना लागतात, फांद्या घासतात. चिनी मातीचे इन्सुलेटर दिवसभर चाळीस डिग्रीत तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडलं की तडकतात, करंट पोलवाटे जमिनीत जातो आणि फीडर पडतो. हा फॉल्ट खालनं दिसतच नाही, फार तर पोलवर चरचर आवाज येतो किंवा अंधारात ठिणगी दिसते. म्हणून असा आवाज किंवा ठिणगी तुम्हाला जाणवली असेल तर ती माहिती सोन्यासारखी आहे, पोलची जागा नक्की कळवा.

भारतीय हवामान विभाग तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा देतो, त्यात वाऱ्याचा वेग ताशी 41 ते 61 किलोमीटर म्हणजे मध्यम आणि 62 ते 87 म्हणजे तीव्र मेघगर्जनेचं वादळ. तीव्रचा इशारा आला की मी मोबाईल, बॅटरी चार्ज करतो, टाकी भरतो आणि टीव्ही-फ्रिजचे प्लग काढतो. विजांसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, जवळपास वीज पडत असली की ते सांगतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) सचेत ॲपपण ठेवा.

आणि हवामान विभागाकडं सामान्य माणसाला निरीक्षण कळवायची सोय आहे, त्यांच्या साईटवर पब्लिक ऑब्झर्व्हेशन म्हणून. आपल्या तालुक्यात वाऱ्याचं मशीन प्रत्येक गावात नाही, वळीव तर एका गावात धो धो आणि पलीकडं कोरडं असा पडतो, त्यामुळं तुम्ही कळवलं नाही तर तुमच्या गावचं वादळ कुठंच नोंदलं जात नाही. वाऱ्याचा अंदाज झाडावरनं येतो. मोठी झाडं पूर्ण हलतायत आणि वाऱ्याविरुद्ध चालणं जड जातंय म्हणजे ताशी पन्नास-साठ. बारीक डहाळ्या मोडायला लागल्या की साठच्या वर. झाडं मुळासकट पडली तर नव्वदच्या आसपास किंवा जास्त, अर्थात पोकळ झालेलं झाड त्याच्याही आधी पडतं, तेव्हा झाड कसलं होतं ते लिहा. गारा पडल्या तर पाऊस थांबल्यावर पट्टीशेजारी ठेवून लगेच फोटो, वितळायच्या आत. सुरू झालं किती वाजता, थांबलं किती वाजता, वारं कुठल्या दिशेनं आलं, एवढं पुरे.

मोठ्या चक्रीवादळात ही सगळी गणितं बदलतात. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 110-120 होता, आणि रायगडात, दापोली-मंडणगडात पोलच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या, काही गावांना लाईट यायला आठवडे लागले. पुढच्या मे महिन्यात तौक्तेनं सिंधुदुर्ग-रत्नागिरीला तेच दाखवलं. अशा वेळी रोज रोज "लाईट नाही" कळवण्यात अर्थ नसतो. गावात किती पोल पडलेत, किती वाकलेत, किती डीपी खाली आल्यात, रस्ता कुठपर्यंत मोकळा आहे, याची पोलनुसार यादी करून ग्रामपंचायतीमार्फत शाखा कार्यालयात द्या. बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेल्या टीमला तुमचा भाग माहीत नसतो, ती यादी आणि वाट दाखवायला एक माणूस, यावर त्यांचा अर्धा दिवस वाचतो.

तक्रारीनंतर

दुरुस्ती वरनं खाली येते: आधी तेहतीस केव्ही, मग सबस्टेशन, मग फीडर, त्यात दवाखाना आणि पाणीपुरवठा शक्यतो आधी, मग एकेक डीपी, आणि एकट्या घराची सर्व्हिस वायर सगळ्यात शेवटी. पलीकडच्या आळीत आधी आली म्हणजे वशिला लागला असं नसतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथं अडकतात ती गोष्ट. फीडर चालू झाला की त्या फीडरवरच्या तक्रारी एकदम बंद होऊ शकतात, तुमची डीपी किंवा तुमची वायर अजून तुटलेली असली तरी. म्हणून गावात लाईट आली आणि तुमच्याकडं नाही, तर जुन्या क्रमांकावर भरवसा ठेवून रात्रभर थांबू नका, नवीन तक्रार द्या आणि स्पष्ट सांगा की "फीडर चालू झालाय, फक्त आमची डीपी बंद आहे" किंवा "फक्त माझं घर बंद आहे". तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला आणि लाईट नाही, तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. लाईट आली तरी पाच मिनिटं थांबून, व्होल्टेज बघून मग फ्रिज आणि मोटार लावा.

दोन दिवस झाले आणि वादळाचं कारण आता उरलं नाही असं वाटलं तर शाखा अभियंता, मग उपविभागातले उपकार्यकारी अभियंता, मग विभागाचे कार्यकारी अभियंता, या क्रमानं लेखी जा, पोच घ्या. राज्य वीज नियामक आयोगानं कुठला दोष किती वेळात दुरुस्त व्हायला पाहिजे याचे नियम केलेत आणि उशीर झाला तर भरपाई आहे, फक्त चक्रीवादळ, पूर, वादळ अशा काळात त्या मुदतीतनं सूट मिळते हे लक्षात ठेवूनच अर्ज लिहा. तिथं दाद नाही मिळाली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. मंचापुढं तुमचे तक्रार क्रमांक आणि वेळाच बोलतात, म्हणून त्या कागदावर लिहायचा कंटाळा करू नका.

पाऊस उघडल्यावर एक चक्कर लाईनच्या कडंनं मारा, लांबनं, आणि तारांना टेकायला आलेल्या फांद्या, झोल पडलेल्या तारा, ताण सुटलेले पोल यांची पोलनुसार यादी करून मे संपायच्या आत शाखा कार्यालयात द्या. फांदी तुमच्या बांधावरच्या झाडाची असेल तर छाटायला परवानगी तिथंच लिहून द्या, कारण पुष्कळ वेळा मालक आंब्याची फांदी तोडू देत नाही म्हणून टीम परत जाते आणि जूनमध्ये तीच फांदी अख्खा फीडर पाडते.